लेथ, नांगर आणि लक्ष्मणराव

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी एखाद्या संताचे, कवीचे किंवा स्वातंत्र्यसैनिकाचे चरित्र असतेच असते. कला शाखेच्या विद्यार्थ्याने चरित्र लिहायचे तर ते यांच्यापैकीच कुणाचे तरी, असा जणू अलिखित नियम आहे. मी यंदा एका यांत्रिकावर लिहायचे ठरविले. आमच्या मराठीच्या सरांना विषय सांगितला तेव्हा ते क्षणभर थांबले आणि मग त्यांनीच कपाटातून शंकरराव किर्लोस्करांचे ‘यांत्रिकाची यात्रा’ हे पुस्तक काढून माझ्या हाती दिले.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हे नाव आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. विहिरीवरच्या पंपावर ते उठावदार अक्षरांत ओतलेले असते. खेड्यात तर कित्येकांच्या लेखी किर्लोस्कर हे पंपाचेच दुसरे नाव आहे. हा माणूस एवढा मोठा कारखानदार कसा झाला, हा प्रश्न वाणिज्य शाखेच्या मित्रांनी सोडवावा. मला पडलेला प्रश्न लहान आहे. ज्याला नोकरीच्या ठिकाणी यंत्रांनी भरलेले वर्कशॉप वापरायला मिळत होते, त्याने ती नोकरी सोडून, स्वतःच्या तुटपुंज्या पैशाने स्वतःची यंत्रे घेण्याच्या भानगडीत का पडावे? हा प्रश्न मला का छळतो ते पुढे सांगेन.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. एकाच लहानशा गावाने महाराष्ट्राला नाटक आणि नांगर दोन्ही द्यावेत, हा योग मोठा गमतीचा आहे. शाळेच्या पुस्तकांत लक्ष्मणरावांचे मन कधी रमले नाही. त्यांना वेड दोन गोष्टींचे, चित्रे काढण्याचे आणि यंत्राशी झटण्याचे. ब्राह्मण घरातल्या मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी असा तो काळ. असल्या मुलाकडे घरची मंडळी कोणत्या नजरेने पाहत असतील ते आपण ताडू शकतो, कारण आज शंभरावर वर्षे उलटली तरी त्या नजरेत फारसा फरक पडलेला नाही. थोरले बंधू रामचंद्रपंत म्हणजे रामूअण्णा मात्र धाकट्या भावाच्या पाठीशी उभे राहिले आणि पुढे आयुष्यभर तसेच उभे राहिले.

१८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रेषेवर त्यांचा हात पक्का होता. पण दोनएक वर्षांनी असे ध्यानात आले की, त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. त्यांच्या दृष्टीतच ते वैगुण्य होते. चित्रकाराच्या बाबतीत याहून क्रूर थट्टा ती कोणती? दुसरा एखादा गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडला आणि रेष धरून ठेवली. यंत्रांच्या आराखड्यात रंगाचे काम नसते. तिथे काळी रेष, माप आणि डोळ्यांपुढे अख्खे यंत्र उभे करण्याची कल्पनाशक्ती लागते. ते यंत्रांचे रेखन शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे शिक्षक झाले.

इथे त्यांचे खरे शिक्षण झाले असे मला वाटते. वर्गात ते यंत्राचे चित्र काढायला शिकवीत आणि तास संपला की संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्याच यंत्राचे नटबोल्ट सोडवीत. ते जोडायचे, चालवायचे, पुन्हा सोडवायचे. त्यांच्यापाशी इंजिनिअरची पदवी नव्हती. इंग्रजी पुस्तके आणि परदेशी यांत्रिक मासिके वाचायची, आणि वाचलेले हाताने पडताळून पाहायचे, हीच त्यांची पदवी. दुसरीकडे बेळगावात रामूअण्णांच्या मदतीने सायकलींचे दुकानही सुरू झाले होते. त्याचे साल १८८८ दिले जाते. सायकल ही तेव्हा श्रीमंतांची चैन होती. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी त्या बेळगावात विकायच्या, घेणाऱ्याला चालवायला शिकवायच्या आणि मोडल्या तर दुरुस्त करून द्यायच्या, अशी वाटणी होती. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव त्या दुकानाचे. आजही बेळगावात किर्लोस्कर रोड आहे.

मग संस्थेत बढतीची जागा आली. लायकी लक्ष्मणरावांची होती, पण ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

चरित्रकार या प्रसंगाला अपमानाचा प्रसंग म्हणतात आणि तो होताच. पण मला यात आणखी एक गोष्ट दिसते. संस्थेचे यंत्र कितीही चांगले असले तरी ते संस्थेचे. ते केव्हा उघडायचे, त्यावर काय करायचे, बिघडले तर कुणी जबाबदार, हे सारे दुसऱ्याच्या हाती. बढती नाकारणाऱ्याने लक्ष्मणरावांना एवढेच कळविले की, या छपराखाली तुम्ही पाहुणे आहात. बेळगावात त्यांनी जे लहानसे वर्कशॉप थाटले त्यात एक लहान लेथ होता, छिद्रे पाडायचे ड्रिल होते आणि ती फिरवायला छोटे इंजिन. मुंबईच्या मानाने हे काहीच नव्हते. पण त्यांच्या पुढच्या सगळ्या संसाराची चूल याच सामानावर पेटली.

माझ्या कला शाखेच्या मित्रांसाठी लेथ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. कुंभाराचे चाक आडवे पाडले आहे आणि मातीऐवजी लोखंडाचा तुकडा त्याच्या जबड्यात घट्ट धरला आहे अशी कल्पना करा. या जबड्याला चक म्हणतात. तुकडा गरगर फिरतो आणि त्याला कठीण पोलादाचे हत्यार लावले की लोखंडाची साल कुरळ्या केसासारखी सुटत जाते. वेडावाकडा तुकडा गोल होतो, गुळगुळीत होतो, त्यावर आटे पाडता येतात. लेथची थोरवी अशी की, लेथवर दुसऱ्या लेथचे पुष्कळसे भाग करता येतात. म्हणून टर्नर लोक त्याला सगळ्या यंत्रांची आई म्हणतात.

हे मला कसे ठाऊक? माझ्या थोरल्या भावामुळे. दादाने आय.टी.आय.ला टर्नरचा कोर्स केला आणि चार वर्षे वाळूजच्या कारखान्यांत कंत्राटावर काम केले. दर अकरा महिन्यांनी नवे कंत्राट, कधी नवा ठेकेदार. तिथली यंत्रे संगणकावर चालणारी, लखलखीत. दादाने फक्त तुकडा बसवायचा, बटण दाबायचे आणि तुकडा काढायचा. गेल्या वर्षी तो जालन्याला परतला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा लेथ टाकायचा असे त्याने जाहीर केले. नवा लेथ परवडण्यासारखा नव्हता, म्हणून जुना शोधायचा. आईने कापसाच्या पट्टीतून राखून ठेवलेले पैसे माझ्या बहिणीच्या लग्नाचे होते. त्यामुळे आमच्या घरी काय रामायण झाले असेल ते सांगायला नको.

आपले जालना लोखंडाचे गाव. इथल्या भट्ट्यांत भंगार वितळते आणि त्याच्या सळया होऊन साऱ्या महाराष्ट्रात जातात. त्यामुळे जुने यंत्र घ्यायला निघालेल्या माणसाला इथे एक विचित्र प्रतिस्पर्धी भेटतो, तो म्हणजे तराजू. बंद पडलेल्या कारखान्यातून लेथ बाहेर निघाला की भंगारवाला त्याकडे यंत्र म्हणून पाहत नाही, वजन म्हणून पाहतो. लेथचा बेड, म्हणजे ज्यावर सगळे सरकते ते लांब पाट, बिडाचा असतो. बीड कठीण खरे, पण ठिसूळ. दोन माणसे घण घेऊन उभी राहिली की ज्या बेडवर तीस-चाळीस वर्षे एक केसाचा फरक पडू दिला नव्हता, त्याचे तासाभरात तुकडे होतात आणि ते ओतशाळेकडे रवाना होतात. मी दादाबरोबर गोदामे हिंडलो तेव्हा अशा तुकड्यांचे ढीग पाहिले.

यंत्र पारखणे ही एक विद्याच आहे, आणि साहित्याच्या समीक्षेहून ती सोपी नाही. दादा नव्या रंगाला कधी भुलत नसे. उलट ताजा रंग दिसला की तो अधिक संशयाने पाही, कारण रंगाखाली पितळेने सांधलेली भेग लपू शकते. पहिल्याने तो चकाजवळच्या बेडवर बोट फिरवी. काम नेहमी चकाजवळ होते, म्हणून झीज तिथेच असते. तिथे पायरीसारखी कड बोटाला लागली की समजावे, यंत्र फार राबले आहे. मग तो सॅडल चकाजवळ आणून घट्ट करी आणि दुसऱ्या टोकाला सरकवून पाही. मध्येच ते अडकले तर बेड चकाजवळ खाल्ला गेला आहे. मग गिअरचे दात मोजायचे, लीड स्क्रूचा ढिलेपणा पाहायचा, चकात गज धरून तो वर उचलून मुख्य बेअरिंगमध्ये खेळ आहे का ते पाहायचे. शेवटी वीज मिळाली तर गजावर एक काप घ्यायचा आणि दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजायची. मालक म्हणतो काय नि मायक्रोमीटर म्हणतो काय, याचा निकाल तिथे लागतो. सहाव्या की सातव्या गोदामात एक लेथ या सगळ्यांतून पार पडला. त्याच्या अंगावर तेलमिश्रित काजळीचा थर होता आणि तो खरडल्यावर खाली हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्कर कंपनीचे नाव निघाले. वजनाच्या भावावर थोडे चढवून तो मिळाला. शेतीच्या अवजारांचे सुटे भाग आता दादा त्यावर करतो. बहिणीचे लग्न ठरलेले नाही आणि आई अजून त्या शेडमध्ये पाऊल टाकीत नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

असो. बेळगावला परत येऊ.

लक्ष्मणरावांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र केले. मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. विलायती नांगर तेव्हा मिळत, पण ते महाग, आणि एक फाळ झिजला की त्याच्या जागी दुसरा आणायचा कुठून? आपल्याकडचा लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई आणि मोडला तर त्याच दिवशी सांधून देई. लोखंडी नांगराला हा सुतार कुठला? लक्ष्मणरावांनी विदेशी नांगर सोडवून पाहिला आणि आपल्या जमिनीला व आपल्या बैलांना मानवेल असा नांगर घडविला. नांगर तयार झाले आणि दोन वर्षे तसेच पडून राहिले. शेतकरी म्हणत, लोखंडाने जमीन विषारी होईल. आज आपण या समजुतीला हसतो, पण मला त्या शेतकऱ्याचा राग येत नाही. ज्याचे सगळे वर्ष एका हंगामावर अवलंबून आहे तो नव्या वस्तूकडे संशयानेच पाहणार. तो आपल्या परीने चकाजवळच्या बेडवर बोट फिरवीत होता.

पुढे नांगर खपू लागला तो व्याख्यानांनी नव्हे, तर शेतात चालवून दाखवल्याने. हरळी आणि कुंदा ज्याच्या रानात माजला आहे त्याला खोल नांगरट म्हणजे काय हे शब्दांनी समजावून द्यावे लागत नाही. अंबड तालुक्यात माझ्या आजोळी गोठ्याच्या मागे असा एक जुना लोखंडी नांगर गंजत पडला आहे. ट्रॅक्टर आल्यापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. मामा तो विकायला तयार नाही आणि वापरायलाही तयार नाही.

धंद्याला बरे दिवस येत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा शहराच्या वाढीसाठी हवी म्हणून ती खाली करण्यास सांगितले. जवळ पैसा नाही, दुसरी जागा नाही. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. लक्ष्मणरावांनी औंधला बांधकामाचे एक काम अंगावर घेतले होते आणि त्यातून दोघांचा स्नेह जडला होता. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. रंग हातचा गेलेला चित्रकार आणि गादीवर बसलेला चित्रकार यांचे जमावे यात नवल ते काय? बाळासाहेबांनी कुंडल रोड या लहानशा स्टेशनाजवळ बत्तीस एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. संस्थानिक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिकारी आणि मेजवान्या येतात. पण त्या पैशातून उभे राहिलेले काम पाहिले की असा एखादा अपवादही मान्य करावा लागतो.

१९१० च्या मार्चमध्ये लक्ष्मणराव तिथे पोचले तेव्हा त्या माळावर निवडुंग होता, साप होते आणि पाणी नव्हते. बेळगावची यंत्रे आगगाडीने आली. पंचवीसएक कामगार आणि त्यांचे कुटुंबकबिले मिळून वस्ती सुरू झाली. शंभूअण्णा जांभेकर यंत्रे पाहू लागले, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळू लागले, रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था हाती घेतली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी त्या दिवसांत किती जणांना रांधून घातले याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. कारखान्याच्या इतिहासात त्यांचे नाव एखाद्या ओळीत येते, आणि ते मला खटकते. रखवालीसाठी लक्ष्मणरावांनी तुकाराम रामोशी आणि पिराजी या दोघांना नेमले. दोघेही शिक्षा भोगलेले. तुरुंगातून आणलेल्या माणसांच्या हाती कारखान्याच्या किल्ल्या दिल्या आणि त्या सुरक्षित राहिल्या. शिवाशीव पाळायची नाही हा त्या वसाहतीचा नियम होता, आणि काळ होता १९१० नंतरचा!

पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारे कच्चे लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. नांगराला मागणी आहे, पण ओतायला बीड नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या निकामी तोफा लक्ष्मणरावांना दिल्या. त्या फोडल्या गेल्या, भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. हा प्रसंग वाचताना मी थोडा अडखळलो. जुन्या लेथवर घण पडताना मला वाईट वाटले होते, आणि इथे माझ्या चरित्रनायकानेच इतिहासाच्या तोफा भट्टीत घातल्या. पण विचार केल्यावर वाटले की, लक्ष्मणरावांपाशी जुन्याबद्दल हळवेपणा नव्हताच. वस्तू कामाची आहे की नाही एवढेच ते पाहत. तोफ डागता येत नव्हती आणि शेतकऱ्याला नांगर हवा होता. चालू स्थितीतला लेथ त्यांनी भट्टीत घातला असता असे मला वाटत नाही.

आपण कला शाखेचे, तेव्हा एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९२० मध्ये याच निवडुंगाच्या माळावर एक मासिक निघाले. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना द्यावी म्हणून पुतण्या शंकररावांनी सुरू केलेले ते ‘किर्लोस्कर खबर’. त्याचे पुढे ‘किर्लोस्कर’ झाले आणि मग १९३० मध्ये ‘स्त्री’ व १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. ज्या मासिकांनी विधवाविवाह, जातिभेद, विज्ञाननिष्ठा यांवर मराठी घराघरांत वाद पेटविले, त्यांचे मूळ एका यंत्राच्या जाहिरातपत्रात आहे. ग्रंथालयात ‘स्त्री’चे जुने बांधीव अंक चाळताना त्यांना नांगराच्या ओतशाळेचा वास येतो, असे मी म्हटले तर मराठीच्या सरांनी मला क्षमा करावी.

नांगर, चरक, रहाट, मग पंप, मग इंजिने असा कारखाना वाढत गेला. थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एम.आय.टी.मधून इंजिनिअर होऊन १९२६ मध्ये परतले. वडिलांना पदवी नव्हती आणि मुलाची पदवी जगातल्या नामांकित संस्थेची, पण मुलाला आधी किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातच काम करावे लागले. १९४१ मध्ये, महायुद्धामुळे परदेशी यंत्रे मिळणे दुरापास्त झालेले असताना, म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यंत्रे घडविणारी यंत्रे करण्याचा कारखाना निघाला. त्यात लेथ तयार होऊ लागले. एका लहान लेथवर संसार मांडलेल्या माणसाच्या हयातीतच त्याच्या घरचे लेथ देशभरच्या वर्कशॉपांत पोचले. तो कारखाना या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. त्याचे लेथ मात्र गल्लीबोळांतल्या शेडमधून अजून फिरत आहेत.

गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये जी जाळपोळ झाली तिची झळ किर्लोस्करवाडीलाही बसली. जमावाने कारखान्याला आग लावली. लक्ष्मणराव तेव्हा एकोणऐंशीच्या घरात होते. अडतीस वर्षांपूर्वी निवडुंग तोडून ज्या जमिनीवर त्यांनी यंत्रे मांडली होती, तिथे राख पाहण्याची पाळी त्यांच्यावर आली. ढिगाऱ्यातून जी यंत्रे दुरुस्त होण्याजोगी होती ती उचलली गेली, साफ झाली आणि कारखाना पुन्हा सुरू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. कुंडल रोड स्टेशनाला पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. मिरजेहून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसले की ते स्टेशन दिसते.